दादांचा डावा गाल

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दादांना लहानथोर सगळे दादाच म्हणतात. ऐन तरुणपणी गणपतीची वर्गणी मागत फिरायचे, तेव्हापासून ते नाव चिकटलं. परवा लिफ्टमध्ये पहिल्या मजल्यावरच्या एका चिमुरड्याने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "दादाआजोबा, कितवा मजला?" दादा तिसऱ्यावरच उतरले आणि राहिलेला एक मजला धावत चढून गेले. धाप घरात जाऊन टाकली.

दादांचं वय 54. या वयात चेहरा बदलतो हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, आणि बहुतेक माणसं एखादा सुस्कारा सोडून चहा घेतात. दादांचं तसं नाही. ते विमा कंपनीत दावे तपासतात. नुकसान दिसलं की कारण शोधायचं आणि शक्यतो दावा फेटाळायचा, हे हाडात भिनलेलं. त्यामुळे रोज सकाळी बेसिनवरच्या आरशासमोर पाहणी होते. डोळ्यांखालच्या पिशव्या, ओघळलेली गालफडं, हनुवटीखाली नव्याने बसायला आलेली वळी, सगळ्याची नोंद. ही पाहणी चष्मा लावून. दाढी मात्र चष्मा काढून, कारण तेव्हा आरशातला माणूस बरा दिसतो. परिणामी जबड्याखाली पांढऱ्या खुंटांचं एक बेट रोज सुटतं आणि ऑफिसपर्यंत जातं.

महिन्यातून एका रविवारी कलप असतो. बाल्कनीत जुना पेपर पसरलेला, अंगात भोकं पडलेला बनियन, कान मोडलेल्या कपात पावडर कालवलेली आणि मिशीसाठी निवृत्त टूथब्रश. अर्धा तास बोलायला मनाई, कारण ओठ हलला की कलप ओठावर उतरतो. त्या अर्ध्या तासात वहिनी वर्षभराची बोलणी उरकून घेतात, असं त्या स्वतःच सांगतात. सोमवारी मिशी इतकी काळी असते की ती दादांची नसून नाटकवाल्यांकडून भाड्याने आणलेली वाटते. दादांच्या आई ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच, "याच्या वडिलांनीही माझे उशीचे अभ्रे असेच नासवले."

वडिलांचा विषय दादांना चालत नाही. हॉलमध्ये वडिलांचा हार घातलेला फोटो होता. येणारा पाहुणा फोटोकडे बघायचा, मग दादांकडे, मग परत फोटोकडे, आणि काही न बोलता पोह्यांत लक्ष घालायचा. फोटो आता आतल्या खोलीत आहे. तिथे उजेड बरा येतो, असं कारण दिलं जातं.

खरा घाव डाव्या गालाचा. उजव्यापेक्षा डाव्या गालावर डाग जास्त, सुरकुत्याही जास्त. दादा त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, "एकाच बाजूने ऊन लागतं का?" आणि दादांच्या डोळ्यांपुढे अख्खी नोकरी उभी राहिली. वर्षानुवर्षं हा माणूस डोंबिवलीहून उलटा कल्याणला जाऊन सीएसएमटीची लोकल पकडत आलाय, फक्त खिडकीसाठी. तीही डावीकडची, वाऱ्याची. त्या खिडकीपायी भांडणं झाली, एकदा सदऱ्याची बाही गेली, एका मित्राशी बोलणं तुटलं. ठाणं सोडलं की गाडी दक्षिणेकडे वळते आणि सकाळचं ऊन थेट डाव्या गालावर. संध्याकाळी परतताना बसायलाच मिळत नाही, म्हणजे उजव्या गालाची भरपाई नाहीच. बाईंनी एका अमेरिकन ट्रकचालकाची गोष्ट सांगितली. 2012 मध्ये वैद्यकाच्या एका नामांकित नियतकालिकात त्याचा फोटो आला होता. 28 वर्षं गाडी चालवून खिडकीकडची अर्धी बाजू म्हाताऱ्याची झालेली. उन्हातले यूव्हीए किरण काचेतूनही आत येतात, मग लोकलच्या उघड्या खिडकीची काय कथा!

"आणि बाकीचं?" दादांनी विचारलं. बाईंनी समजावलं. कातडी ताठ ठेवणारं कोलॅजन कमी होतं, गालावरची चरबी खाली सरकते, आणि आतली हाडंही थोडी झिजतात. जबडा आखडतो, डोळ्यांच्या खोबण्या रुंदावतात.

"हाडंसुद्धा?"

"हो. सगळ्यांचीच."

"म्हणजे वेअर अँड टेअर."

"तसंच म्हणा."

"मग त्यात काही मिळत नाही," दादा म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर असंख्य ग्राहकांना ऐकवलंय. स्वतःला ऐकवायची ही पहिलीच वेळ. बाईंनी सनस्क्रीन लिहून दिलं. ते आता लोकलमध्ये लावतात, आणि चौथ्या सीटवरचे लोक "दादा, लग्न कुणाचं?" म्हणून विचारतात.

कानांचं प्रकरण वेगळं. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांनी 206 रुग्णांचे कान मोजले आणि कान वर्षाला सरासरी 0.22 मिलिमीटर लांबतो असा निष्कर्ष 1995 मध्ये छापून आणला, हे दादांनी कुठेतरी वाचलं. मुलीच्या जुन्या कंपासमधली पट्टी काढली. तिशीपासून धरलं तर सव्वापाच मिलिमीटर! आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मोठे कान भाग्याचे. गणपतीचे बघ."

दादांचं दैवत देव आनंद. गळ्यापर्यंत बटणं लावायची ती त्यांच्यामुळेच, वळी झाकायला नव्हे, असा दावा आहे. "1923 चा जन्म, आणि 2011 मध्ये 'चार्जशीट' आला तेव्हाही पडद्यावर!" यावर वहिनी म्हणतात, "त्यांना सकाळची लोकल नव्हती."

माझं मत विचाराल तर दादा पूर्वी इतके बघण्यासारखे नव्हते. लग्नातला फोटो पाहिलाय मी. गुळगुळीत, घाबरलेला, हारामागचा कुठलाही मुलगा. आता खोटं बिल दिसलं की उजवी भुवई वर जाते आणि कपाळावर तीन आठ्या पडतात. समोरच्याला न बोलता कळतं की पैसे मिळणार नाहीत. असा चेहरा पंचविशीत कुणाला मिळत नाही.

गेल्या महिन्यात पासपोर्टचं नूतनीकरण होतं. दहा वर्षांची मुदत संपलेली. आदल्या रविवारी कलप, सकाळी इस्त्रीचा सदरा, वरचं बटण बंद. पण तिथे फोटो काउंटरवरच काढतात. "चष्मा काढा. हसू नका." काउंटरवरच्या मुलीने जुना फोटो पाहिला, दादांकडे पाहिलं, परत फोटोकडे.

"मीच आहे," दादा म्हणाले.

"हो काका, कळलं. कान तेच आहेत."

संध्याकाळी दादा थेट माझ्याकडे आले. काका म्हटल्याचा राग नव्हता. राग वेगळाच होता. "तेच कसे? दहा वर्षांत दोन पूर्णांक दोन मिलिमीटर वाढलेत! काय तपासणी करतात हे लोक?"

तुमच्या इमारतीतही असे दादा असतीलच. त्यांच्यासाठी एक करा. भेटल्यावर "बारीक झालात" म्हणू नका, गालफडं आठवतात. "सुटलात" म्हणू नका, वळी आठवते. "वडिलांसारखे दिसता" तर चुकूनही नको. सरळ यंदाच्या वर्गणीचं विचारा. आणि लोकलमध्ये शेजारी बसला असाल तर एखाद्या सकाळी खिडकी तुम्ही घ्या.