मडकेकाका

कसारा लोकलच्या कुठल्याही डब्यात चढा, चार माणसं ठरलेली. मांडीवर टाळ घेऊन बसलेला भजनी, बॅग आडवी टाकून तिच्यावर पत्ते पिसणारा, आटगाव यायच्या आत ‘कल्याणला उठणार ना?’ विचारून जागा बोलून ठेवणारा, आणि मान खाली घालून मोबाईलवर गेम खेळणारा. या चौथ्या जातीत एक पोटजात आहे. बाकीचे वेळ जावा म्हणून खेळतात, हे मात्र रियाज करतात. चेहऱ्यावर करमणुकीचा मागमूस नसतो. बारावीच्या गणिताच्या पेपरात तिसरी पुरवणी मागणाऱ्या मुलाची कळा असते. आमच्या खर्डीचे मडकेकाका या पोटजातीचे मूळपुरुष.

आडनाव त्यांचं वेगळंच आहे. ‘मडके’ हे डब्याने बहाल केलेलं. वय पन्नाशीच्या आतबाहेर, मशीद बंदरला एका पेढीत हिशेब लिहितात. खर्डी ते सीएसएमटी १०७ किलोमीटर, सव्वादोन तास. आसनगावकराला लोकल असते, आम्हाला कसारा लोकल असते. हा फरक ज्याला कळत नाही त्याने एकदा आमची गाडी चुकवून बघावी. पुढची येईपर्यंत फलाटावरून दिसणारी झाडं पानांसकट मोजून होतात. काकांनी ती २२ वर्षं मोजली. मग एका दिवाळीत भाच्याने त्यांच्या फोनमध्ये एक गेम टाकला आणि म्हणाला, “मामा, हे तुम्हाला जमायचं नाही.”

झालं.

गेमचं नाव ‘गेटिंग ओव्हर इट’. २०१७ सालचा. बनवणारा बेनेट फॉडी नावाचा ऑस्ट्रेलियन, तत्त्वज्ञानात पीएचडी केलेला. या शिक्षणाचा त्याने असा सूड उगवला. एक उघडाबंब टकला माणूस कमरेपर्यंत मडक्यात बसलाय. पाय नाहीतच असं समजा. हातात लांब दांड्याचा घण. तो कुठेतरी अडकवायचा, रेटा द्यायचा आणि मडक्यासकट डोंगर चढायचा. शत्रू नाही, बंदूक नाही, नाणी गोळा करायची नाहीत. आणि मुख्य म्हणजे मुक्काम नाही. चूक झाली की घसरलात, मोठी चूक झाली की थेट पायथ्याशी, जिथून सकाळी निघालात तिथे. तास गेला, दोन गेले, कोणी विचारत नाही. ठरावीक प्रकारच्या माणसाला दुखवायला हा गेम केलाय, असं फॉडी स्वतःच उघड सांगतो. तो प्रकार खर्डीला राहतो हे त्याला माहीत नसणार.

मडक्यातल्या माणसाचं नाव डायोजेनिस. ग्रीसमध्ये या नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला, तो म्हणे रांजणात राहायचा. हे मी सांगितल्यावर काका म्हणाले, “म्हणजे त्यांच्याकडचा गोरा कुंभार.” तसं नाही, हे समजावायला मला तानशेत ते वासिंद लागलं, तरी त्यांनी मत बदललं नाही.

वर चढताना एके ठिकाणी साप आहे आणि शेजारी पाटी: सापावर बसू नका. बसलात की तो घसरत थेट पायथ्याला सोडतो. ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगितला जाणारा आपला मोक्षपट काय वेगळा? पण त्यात निदान शिड्या होत्या. काका पहिल्यांदा तिथवर पोचले तेव्हा सापावर बसले. “पाटी इंग्रजीत होती,” एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यात आणखी एक गंमत अशी की, माणूस पडला की गेममधून फॉडीचा शांत आवाज येतो. थोरामोठ्यांची वचनं ऐकवून धीर देतो. काकांना ते इंग्रजी कळत नसे, पण सूर ओळखीचा वाटे. गाडी चाळीस मिनिटं उशिरा असताना ‘आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ म्हणणारी बाई असते ना, तोच सूर. त्यामुळे त्यांना राग येत नसे. सवय होती.

काका या क्षेत्रात अगदीच कोरे नव्हते, हेही सांगायला हवं. नव्वदीच्या दशकात कल्याणला कॉलेजात असताना ते ‘मुस्तफा’ खेळत. कॅपकॉम कंपनीने १९९३ साली काढलेल्या त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, पण त्यातल्या मुस्तफाच्या पळत येऊन मारलेल्या लाथेवर आपली पोरं इतकी खूश झाली की भारतभर गेमचंच नाव मुस्तफा पडलं. “नाणं टाकलं की दोन मिनिटांत मरायचो,” काका सांगतात. “मग गाडी सुटायच्या आत दुसरं नाणं कुठून आणणार? उरलेला तासभर दुसऱ्याच्या खांद्यावरून बघत उभा राहायचो. खरं शिकलो ते खांद्यावरून.” मला हे पटतं. पैसे संपल्यावर माणूस फार बारकाईने बघतो.

पण पहिलं वर्ष काका हेच विसरले. त्यांनी नुसता सपाटा लावला. दहा हजार तास केले की कुठलीही विद्या येते, हे वाक्य कुणीतरी त्यांच्या व्हॉट्सॲपवर टाकलं होतं. हिशेबनीस माणूस, लगेच आकडेमोड: रोज जाऊन-येऊन साडेचार तास, वर्षाचे २९० दिवस, म्हणजे पावणेआठ वर्षांत मोक्ष. मी म्हटलं, “काका, याच हिशेबाने २२ वर्षांत तुमचे लोकलचे २८,७०० तास झाले. जवळजवळ तिप्पट विद्वान तुम्ही. तरी अजून खिडकी मिळत नाही.” काका कल्याणपर्यंत बोलले नाहीत.

त्या अबोल्यातून वही निघाली.

वही म्हणजे पेढीतली लांबट, लाल कापडी बांधणीची, खतावणीची. आत रकाने: दिनांक, स्थानक, पडल्याचे ठिकाण, कारण. मी एक पान वाचलंय. (बोळ, संत्रे, साप हे गेममधल्या डोंगरावरचे अडथळे.) ‘मंगळवार, डोंबिवली, चिंचोळी बोळ, शेजाऱ्याचे कोपर.’ ‘बुधवार, ठाणे, तेच, घाई.’ ‘गुरुवार, मुंब्रा, संत्रे, हिचा फोन (गॅस संपला).’ ‘शुक्रवार, आसनगाव, संत्रे, घाई.’ ‘शनिवार, खर्डी फलाट, साप, कारण लिहिण्यासारखे नाही.’ खाली प्रत्येक पानाला बेरीज आणि पुढील पानावर ओढलेली शिल्लक. दिवाळीत त्यांनी ताळेबंद मांडला. निम्म्याहून जास्त पडझड दोनच ठिकाणी, आणि कारणाच्या रकान्यात कोपर, फोन, गर्दी सगळे मिळूनही ‘घाई’ला पुरे पडत नव्हते.

मग मीही शहाणपणा केला. म्हटलं, ते दहा हजार तासांचं प्रकरण मुळात अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाचं. १९९३ साली त्याने बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिनवाले तपासले. पुढे २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेलच्या पुस्तकाने आकडा तेवढा उचलला. एरिक्सन कुरकुरत राहिला की बाबांनो, तास महत्त्वाचे नाहीत, नेमकं जिथे अडतं तिथेच बोट ठेवून केलेला सराव महत्त्वाचा. काका समाधानाने वही मिटत म्हणाले, “म्हणजे बर्लिनच्या पोरांनाही वही लागते.”

इथून त्यांचं उपदेशपर्व सुरू झालं आणि डब्याची शांतता गेली. भजनी बुवांना म्हणाले, “तुमचा ठेका तिसऱ्या ओळीला पळतो, तेवढीच ओळ दहादा घ्या.” ठेका पळतो हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच ते कुणी बोललं नव्हतं. बुवा चार दिवस पुढच्या डब्यातून गेले. मग पोलीस भरतीची पोरं. ती पहाटे महामार्गाच्या कडेने १६०० मीटरची तयारी करतात. काकांनी त्यांना थांबवून विचारलं, दम कुठे लागतो? “शेवटच्या ४०० ला.” “मग रोज तेवढेच ४०० पळा की! बाकीचे १२०० कशाला?” एक पोरगं गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत म्हणालं, “काका, १२०० पळाल्याशिवाय ते शेवटचे होतच नाहीत.”

काका त्या दिवशी खेळले नाहीत. कारण त्यांच्या गेमची रड नेमकी हीच होती. अडतं वर, संत्र्यापाशी, आणि तिथला सराव करायचा तर दर वेळी सगळा डोंगर चढून जायचा. मुक्काम नाही ना! चार दिवसांनी तोड निघाली. गेमच्या अगदी पायथ्याला एक वाळलेलं झाड आहे, पहिला अडथळा. पोरंटोरं ते ओलांडून विसरूनही जातात. काका त्या झाडापाशी महिनाभर बसले. संत्र्यापाशी जो हलका, तिरपा रेटा द्यावा लागतो, तो ते झाडाच्या फांदीवर देत. रोज खर्डी ते कल्याण एकच हालचाल. शेजारचा म्हणे, “काका, पुढे सरका.” “सरकतोय,” काका म्हणत. मडकं जागचं हलत नसे.

पावसाळ्यात घामेजलेला अंगठा काचेवर अडखळतो, त्यावरही इलाज निघाला: मंडळाच्या कॅरमची बोरिक पावडर. औषधाच्या छोट्या डबीत घालून ते ती खिशात ठेवतात, वासिंदला चिमूटभर अंगठ्याला लावतात. डब्यातल्या एका नवख्या माणसाने ती तंबाखूचा चुना समजून मागितली होती. काकांनी दिली नाही. साठा मोजका असतो.

जुलैत आवणीसाठी काकांनी आठवडाभर रजा टाकली. फोन घरी कोनाड्यात. परत आले ते हात वेगळाच घेऊन. झोपेत आणि सुट्टीत हात शिकलेलं मुरवतात असं मेंदूचे अभ्यासक सांगतात, ते मी सांगणार होतो, पण काकांचं कारण तयार होतं. “चिखलात रुतलेला पाय हिसका देऊन काढला की माणूस खाली बसतो. हळू फिरवून काढायचा. आई ओरडून सांगायची, पन्नाशीत ऐकलं.” घण आता त्याच बेताने फिरत होता.

श्रावणातल्या एका संध्याकाळी परतीच्या गाडीत आटगावला काकांनी संत्रं ओलांडलं. तानशेतला सापाला वळसा घातला. बर्फाच्या कड्यावर मडकं दोनदा घसरलं, दोनदा थांबलं. मी खर्डीला उठलो, म्हटलं, “काका, चला.” त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे ठरवेपर्यंत मी उतरलो होतो आणि गाडी काकांना घेऊन हलली होती. उंबरमाळीही गेलं. कसाऱ्याला गाडी रिकामी झाली तेव्हा शेवटच्या मनोऱ्यावरून मडकं सुटलं आणि तरंगत थेट अवकाशात गेलं. काकांनी मान वर केली, तर डब्यात बघायला कोणी नव्हतं.

परतीच्या लोकलला अवकाश होता. फलाटावर वडापाव खात ते बसले. समोर नाशिककडे जाणाऱ्या एका मेलला मागून बँकर इंजिनं लावत होते. थळ घाटाचा चढ ३७ ला १, त्यांनी ढकलल्याशिवाय अशी गाडी इगतपुरीला जात नाही. १८६५ साली घाट सुरू झाला तेव्हापासून त्या चढाने भल्याभल्यांना घाम फोडलाय. काका दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “एवढी मोठी गाडी, तिलाही मागून रेटा लागतो. माझ्या मडक्याला कोण होतं?” मी म्हटलं, “वही होती.” ते जरा वेळ गप्प बसले आणि मग भाच्याला फोन लावला. भाचा म्हणाला, “कुठला गेम, मामा?”

हा गेम ५० वेळा जिंकला की मडकं सोन्याचं होतं. काकांनी नवी वही घातली आहे. सध्या ३ झालेत.