सलग पाचव्या दिवसाच्या प्रतीक्षेत

मा. निकषसाहेब,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण इतकी वर्षं आमच्या खान्देशाची काळजी वाहता, पण आपले जाहीर आभार अजून कुणी मानलेले नाहीत. ऊन पडतं, गारा पडतात, पुढारी बांधावर येतात, फोटो निघतात. या सगळ्या गर्दीत खरा निकाल देणारे आपण मात्र शासन निर्णयाच्या परिशिष्टात, एका बारीक रकान्यात, अंग चोरून बसलेले असता.

उन्हापासून सुरुवात करतो, आमच्याकडे तेच मुबलक आहे. उष्णतेची लाट कशाला म्हणायचं, हे आपण हवामान खात्याला आखून दिलंय. मैदानी भागात पारा किमान ४० अंश हवा आणि तो सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवा, नाहीतर थेट ४५. तेही उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, लागोपाठ दोन दिवस. आमचा उपविभाग मध्य महाराष्ट्र; त्यात भुसावळच्या शेजारी महाबळेश्वरही बसतं, हा आपला विनोद आम्हाला आवडतो. आता मे महिन्यात जळगावची सरासरीच बेचाळीसच्या आसपास असते. तेव्हा पत्र्याच्या खोलीत ४४ अंशांत एखादी बाळंतीण निजली असेल, तर ती लाटेत सापडलेली नाही, नुसती घरी आहे. केंद्राच्या मदतीच्या यादीतही थंडीच्या लाटेला जागा मिळाली आणि उन्हाच्या लाटेला वर्षानुवर्षे उंबऱ्याबाहेर उभं केलं गेलं. ठीकच आहे. जे दरवर्षी सोसलं जातं ते दुःख कसलं?

पण आपली खरी कला पाहायची तर रावेर-यावल-चोपड्याच्या केळीत. फळपीक विम्यात आपण थंडीची व्याख्या केलीत: सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली. उन्हाळ्यासाठी सलग पाच दिवसांच्या कडक उन्हाची अट. मोजणार कोण, तर महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र. केळीचं झाड मात्र अडाणी, त्याला ‘सलग’ कळत नाही. दोन रात्री गारठ्यात गेल्या की ते निसवायचं थांबतं, पानं पिवळी पडतात. तिसऱ्या रात्री केंद्रावर पारा जरासा वर सरकला की यंदा थंडी पडलीच नव्हती, असं ठरतं. शेतकरी पिवळी बाग घेऊन उभा राहतो आणि त्याला कागदावर सांगितलं जातं की बाग हिरवी आहे.

आणि साहेब, हवामान बिघडलंय तेही सलग बिघडलेलं नाही. चार दिवस आग ओकायची, पाचव्या दिवशी कुठूनतरी अवकाळी ढग आणायचे, सहाव्या दिवशी पुन्हा आग. असल्या लहरी ऋतूला आपण शाळेच्या हजेरीपटावर मोजता.

त्यातून आमच्याकडे एक नवीच प्रार्थना सुरू झाली आहे. चार दिवसांत कोवळे घड होरपळलेले असतात. रात्री गच्चीवर माणूस एका हाताने लेकरांना वारा घालतो, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर उद्याचा पारा बघतो, आणि मनात म्हणतो, उद्याही तापू दे. स्वतः लावलेली, रात्रीबेरात्री वीज येईल तेव्हा उठून पाणी पाजलेली बाग उद्या आणखी जळावी अशी इच्छा धरायला आपण त्याला शिकवलंत. पुढे त्याला झोप लागत नाही, तो घरात कुणाशी बोलत नाही, जेवताना उठून जातो. या गोष्टींना रकाना नाही, तेव्हा त्या घडतही नसाव्यात.

धुळे-शिंदखेड्याकडे पावसाचा हिशेब. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी. चौसष्टने वाहून गेलेली माती जागेवरच आहे असं समजायचं. आभाय उनं का पोटमा गोया येस, साहेब. आभाळ भरून आलं की ज्यांनी हरखायचं, त्यांच्या पोटात गोळा येतो. हा गोळा किती मिलिमीटरचा धरायचा?

ज्यांच्याकडे सातबाराच नाही त्यांचं तर बरंच आहे, त्यांना आपला त्रास नाही. साक्रीकडचे मेंढ्या राखणारे ठेलारी, शिरपूरच्या डोंगरातून मजुरीला उतरणारे पावरा, केळीच्या बागेत रोजाने कापणीला जाणारा मजूर. बाग आडवी झाली की मालकाचा पंचनामा होतो. याची रोजी बुडते ती कुठल्याच कागदावर येत नाही, म्हणून त्याला अपात्र ठरवण्याचीही गरज उरत नाही.

मरणालाही आपण सोडलं नाहीत. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये ठरले: ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. मात्र आत्महत्या पात्र हवी. कर्ज बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, आणि ते थकलेलं हवं. मेव्हण्याकडून किंवा बिनपरवान्याच्या सावकाराकडून घेतलेले पैसे मोजायचे नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे कागद नेणारी बाई मग मनात म्हणते, निदान बँकेचं तरी काढायचं होतं. पाचव्या दिवसाच्या उन्हाची प्रार्थना करणाऱ्या माणसाचीच ही बायको.

मन सांभाळायची सोय शासनाने केली नाही असं नाही. २०१५ च्या सुमारास ‘प्रेरणा प्रकल्प’ निघाला, शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी. चौदा जिल्हे निवडले, आठ मराठवाड्यातले, सहा विदर्भातले. खान्देशाचा नंबर लागला नाही. आमचा आकडा कमी पडला असणार. अलीकडे १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, रात्रीही कुणीतरी उचलतं. त्याला सातबारा लागत नाही, मंडळ विचारत नाहीत, हे आपल्या कानावर घालावं की नाही, याचा विचार करतोय. उगाच आपण तिथेही जाऊन बसाल.

तरी एकदा मुक्कामाला या. एप्रिलअखेर सोयीचं. कळण्याची भाकरी, ठेचा, गच्चीवर खाट, सगळी व्यवस्था होईल. फक्त सलग पाच दिवसांची रजा काढून या. चौथ्या दिवशी परत निघालात, तर आपण आला होतात याची नोंद आमच्याकडे होणार नाही.

आपला अपात्र,
एक खान्देशी