इसबावर लेझर, बाप्पा!

अहो, ऐकलंत का? या, जरा कुंपणाजवळ या, ओरडून सांगायची गोष्ट नाही ही. कोपऱ्यावरच्या घरातला तो नातू... हो, तोच, कोपराच्या लवणीत नि गुडघ्यांमागे सारखा खाजवतो तो. त्याच्या इसबाला लेझर द्यायचं ठरलं होतं! त्यांच्या सूनबाईनं शपथ घालून सांगितलंय, म्हणून तुम्हालाच सांगते.

सुरुवात आजोबांच्या गुडघ्यापासून. ते फिजिओथेरपीला जातात ना, तिथे गुडघ्यावर लाल उजेडाचं लेझर धरतात. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "आमच्या नातवाच्या खाजेवर चालेल का हो?" तिथला पोरगा म्हणाला, "कुठे कुठे करून पाहिलंय म्हणे." झालं! घरी येईस्तोवर त्याचं 'शंभर टक्के गुण' झालं.

मग घरात पार्ट्या. आजोबा म्हणतात सावंगीचं हॉस्पिटल, सूनबाई म्हणते सेवाग्रामचं. आणि आजी पदर खोचून मधे, "लेकराले कायले चटके देता जी? घरी खोबरेल तेल नाही का?" सूनबाईचा चेहरा असा उतरला...

तर काय सांगत होते, हां, चटके. चटके नसतातच हो त्यात! आमचा भाचा मेडिकलला आहे, त्यानं सांगितलं. केस काढायचं लेझर वेगळं. हे अगदी कमी पॉवरचं, अर्ध्या वॉटच्याही आतलं, कातडी तापतसुद्धा नाही. लाल नाहीतर डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड. तो पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात शोषला जातो नि त्यानं सूज उतरते, असं मानतात. डोळ्यांवर मात्र खास गॉगल हवा. आणि हे सुरू कसं झालं माहितीय? 1967 च्या सुमाराला बुडापेस्टचे डॉ. एन्ड्रे मेस्टर उंदरांवर बघत होते, लेझरनं कॅन्सर होतो का ते. उंदरांचे केस भादरले, उजेड पाडला. कॅन्सर राहिला बाजूला, केसच भराभर उगवले! हे ऐकलं नि आमच्या ह्यांचा हात सरळ टकलावर... हसू नका, ऐकतील ते.

तर काय सांगत होते... शेवटी अख्खं बिऱ्हाड स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे. कुठल्या, ते नका विचारू. बाईंनी पोराचे हात पाहिले नि म्हणाल्या, "काका, लेझरचे अभ्यास छोटे छोटे आहेत, लहान मुलांवरचे तर फारच थोडे. काहींची खाज कमी झालेली दिसली, पण इसबाचा मुख्य उपचार तो नाही." आजोबा गप्पच. आजी गालात हसल्या, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "मागच्या खेपेला दिलेलं मलम लावता ना?"

आता आजींचं तोंड बघण्यासारखं! फेकलं होतं ना त्यांनी! 'स्टिरॉइड' ऐकलं नि टाकलं कचऱ्यात. वर मेडिकलमधून गजकर्णाची ट्यूब आणली, ती 'सगळ्यावर चालते' वाली. त्यातही स्टिरॉइडच, आणि पहिल्यापेक्षा कडक! 2018 पासून चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत अशी मलमं, पण ऐकतं कोण? सूनबाई काही बोलली नाही. नुसतं पाहिलं सासूकडे...

मग बाईंनी सगळं नीट समजावलं. कोमट पाण्यानं झटपट आंघोळ, अंग टिपलं की लगेच, ओलसर असतानाच, मॉइश्चरायझर. चांगलं थापायचं, खाज नसली तरी रोज. बाईंनी दिलेलं मलम फक्त लाल झालेल्या जागी, मोठ्या माणसाच्या बोटाच्या पेराएवढं. तेवढं मोठ्या माणसाच्या, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. नखं बारीक ठेवायची, लोकरी स्वेटर थेट अंगाला नाही. आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे घाम नि थंडी म्हणजे फुटलेली कातडी, जपायला नको?

आता पोरगं रात्री गाढ झोपतं. पण परवा भिशीला सगळ्या आल्या त्या लेझर ऐकायला! सूनबाई बिचारी पेराचं माप सांगतेय, नि ह्या एकमेकींकडे बघताहेत. "म्हणजे लेझर दिलंच नाही?" तोंडं इतकीशी झाली हो! आणि आजी? त्याच आता गल्लीभर बोटाचं पेर दाखवत फिरतात, "एवढंच लावा जी, जास्त नोका लावू." लेझरचं विचारलं की म्हणतात, "ते आमच्या म्हाताऱ्याच्या टोंगळ्याचं होय!"