बॅटरीचं काय ते लिहून द्या

मुलीच्या डिप्लोमासाठी मी रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतला. पन्नास हजारांच्या ठिकाणी साडेअठरा हजारांत काम झालं. पैसे वाचवल्याचा मला पश्चात्ताप नाही, पुढचाही असाच घेईन. माझी तक्रार आहे ती न सांगितलेल्या गोष्टींबद्दल.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चार दुकानं फिरलो. चारही ठिकाणी एकच वाक्य ऐकलं, "आय-फाइव्ह आहे काका, एकदम मख्खन." आय-फाइव्ह कुठल्या पिढीचा, हे कोणीच आपणहून सांगितलं नाही. आमचा निघाला आय-५ ७२००यू, म्हणजे सातव्या पिढीचा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. दुकानदाराने ११ घालूनच दिलं होतं. कसं घातलं ते विचारल्यावर म्हणाला, "चालतंय ना?" चालतंय. पण उद्या एखादं अपडेट अडलं तर मी कोणाकडे जायचं?

कीबोर्डचाही रोज त्रास आहे. हे यंत्र परदेशातल्या कुठल्याशा ऑफिसातून आलेलं, त्यामुळे कळा ब्रिटिश मांडणीच्या. ३ वर पौंडाचं चिन्ह आहे, दाबलं की हॅश उमटतो. ईमेलचा ॲट जिथे छापलाय तिथे दाबला की अवतरणचिन्ह येतं, खरा ॲट २ वर. डावी शिफ्ट आखूड, तिच्या शेजारी एक जादा कळ. मुलगी प्रोग्रॅम लिहिताना दर ओळीत चुकते आणि मागे जाऊन खोडते. शंभर रुपयांचे स्टिकर लावून दिले असते तर एवढं झालं नसतं.

पण खरा मनस्ताप बॅटरीचा. वॉरंटी सहा महिन्यांची, "बॅटरी आणि ॲडॉप्टर सोडून" हे बिलाच्या मागे बारीक अक्षरांत. घरी आल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये बॅटरी रिपोर्ट काढला. मूळ क्षमता ४८,००० मिलिवॉट-तास, आता पूर्ण चार्ज होते ती १९,०००. शंभरातले चाळीसही नाहीत. कॉलेजात दोन तासांचं प्रॅक्टिकल आणि भिंतीवर प्लग एकच, तिथे माझी मुलगी बसायची जागा प्लग बघून निवडते.

लिथियमची बॅटरी वापरली तरी झिजते आणि नुसती पडून राहिली तरीही, हे मला समजतं. जुनी वस्तू जुनीच असणार. पण ती किती जुनी, हे मोजणारा अहवाल त्याच यंत्रात असतो, एका आदेशात निघतो. वरचं कव्हर घासूनपुसून चकाचक करायला, कंपनीच्या मालमत्तेचा स्टिकर खरवडायला या लोकांनी नक्कीच त्याहून जास्त वेळ दिला आहे. त्या स्टिकरचा चिकट डिंक अजून तळव्याला लागतो.

परवा नवी बॅटरी बसवून घेतली, २,४०० रुपये. त्या दुकानात बिल मागितलं आणि त्यावर क्षमता आणि तारीख लिहून द्या म्हटलं. मालकाने दोन क्षण माझ्याकडे बघितलं आणि पेन शोधायला लागला.