नांदेड-लातूरच्या स्टेजवर गिटार ऐकू येण्याची कृती

साहित्य : एक गिटार, एक प्रोसेसर, एक कापो, दोन केबल (पैकी एक तरी चालू), पांढरी चिकटपट्टी, मार्कर आणि साऊंडवाल्याचं नाव. नाव पाठ करूनच जावं. ‘ओ साऊंडवाले’ अशी हाक मारणाऱ्याचा आवाज आजवर कुणी वाढवलेला नाही.

आधी घरी एक झकास टोन तयार करा. रात्रीची वेळ, कानाला हेडफोन, बेस पूर्ण, ट्रेबल पूर्ण, मिड शून्य, वरून भरपूर रिव्हर्ब. एक तार छेडली की अंगावर काटा आला पाहिजे. हा टोन सेव्ह करा, मित्रांना ऐकवा आणि कार्यक्रमाला निघताना घरीच ठेवून या.

स्टेजवर त्याला जागाच नाही. नांदेडात १४ एप्रिलला आंबेडकर जयंती होते, पण भीमगीतांचे कार्यक्रम गल्लोगल्ली मे महिन्यातही चालू असतात. अशा कुठल्याही स्टेजवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, ढोलक, गायक, कोरस आणि बँजो असतोच. हा बँजो अमेरिकेतला नव्हे. बुलबुलतरंगाला पिकअप लावून ॲम्प्लिफायरला जोडलेला, बटणं दाबून वाजवायचा आपला बँजो. तो सुरू झाला की दोन गल्ल्यांना कळतं. आता हिशेब करा. गिटारची सगळ्यांत जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते. त्या भागात ढोलकीची धूम, ऑक्टोपॅडचा किक आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात आधीच बसलेले आहेत. वरच्या टोकाला झांजा, टाळ्या आणि गायकांचे ‘स’ आणि ‘श’. उरला मधला पट्टा, आणि तो तुम्ही काल रात्री स्वतःच्या हातानं शून्यावर आणून ठेवलाय.

तेव्हा उलटं करा. १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा. मिड वाढवा, साधारण ५०० ते १५०० हर्ट्झच्या आसपास. त्याच्या वरचा, दोन-तीन हजारांचा भाग गायकाचा; त्याचे शब्द तिथं कळतात, तिथं घुसू नका. डिस्टॉर्शन निम्म्यावर आणा, रिव्हर्ब जवळजवळ बंद करा. मैदानाच्या पलीकडच्या भिंती तो फुकट देतात. हा टोन एकट्यानं ऐकला तर डब्यात अडकलेल्या माशीसारखा लागतो. लागू द्या. यात कानाचीही लबाडी आहे. आवाज लहान असला की कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणून घरी आपण दोन्ही टोकं फुगवतो, आणि स्टेजवर आवाज मोठा झाला की ती आणखी फुगतात.

कुणी म्हणेल, ‘दम मारो दम’मधली गिटार कशी लख्ख ऐकू येते? येते ना. १९७१ चं गाणं, वाजवणारे भूपिंदर सिंग, पण सुरुवातीला गिटारभोवती गर्दी किती आहे ते मोजा. संगीतकार आर. डी. बर्मन यांनी तिच्यासाठी जागा रिकामी ठेवली होती. तुमचा कीबोर्डवाला आर. डी. नाही.

आता जोडणी. स्टेजवर गिटारचा ॲम्प नसेल तर साऊंडवाला केबल हातातून घेतो आणि मिक्सरच्या लाइन-इनमध्ये खुपसतो. आवाज येतो, पण गोधडीखालून आल्यागत. गिटारच्या पिकअपला समोर सुमारे दहा लाख ओहम लागतात, लाइन-इन देतं दहा हजारांच्या घरात. ट्रेबल तिथंच मरतं. मध्ये डीआय बॉक्स किंवा प्रोसेसर हवाच. प्रोसेसरमध्ये कॅबिनेटचं सेटिंग असतं, तेही चालू ठेवा. गिटारचा खरा स्पीकर पाचेक हजार हर्ट्झच्या वर फारसं काही सोडत नाही; ती गाळणी नसली तर डिस्टॉर्शन भोंग्यातून थेट श्रोत्यांच्या दातांवर जातं. ॲम्प मिळाला तर तो जमिनीवर ठेवू नका. प्लास्टिकच्या खुर्चीवर, थोडा मागं कलता ठेवा. पोटरीला ऐकू येत नाही म्हणून माणूस आवाज वाढवत जातो आणि पहिल्या रांगेतले पाहुणे कानात बोटं घालतात.

एक गंमत नसलेली गोष्ट. गिटार वाजवताना माइकला ओठ लागले आणि झटका बसला, तर ‘चालतंय’ म्हणू नका. तारा ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि माइक मिक्सरच्या. मंडपात दोघांची वीज दोन ठिकाणांहून आलेली असली, किंवा एकाला अर्थिंगच नसलं, की दोन्हींच्या मधली वायर तुम्ही. दोन्ही एकाच बोर्डावर घ्यायला लावा, अर्थिंग तपासायला लावा, तोवर गिटार खाली ठेवा. गुणगुण जावी म्हणून प्लगची तिसरी पिन कापणारे कलाकार लातुरातही आहेत आणि नांदेडातही. त्यांच्या शेजारी उभे राहू नका.

मग गायक येतो आणि म्हणतो, “काळी चार.” तुम्ही शिकलात जी, सी, डी, ए, ई. घाबरू नका, कापो पहिल्या पट्टीवर लावा आणि जी धरा. झाली काळी चार. सी धरला तर काळी एक, डी धरला तर काळी दोन, ए धरला तर काळी पाच. काळी तीन म्हणाला तर दुसऱ्या पट्टीवर ई. आणि पूर्ण सहा तारा झोडपू नका. कीबोर्डनं कॉर्ड भरलेली असते. तुम्ही वरच्या तीन तारा धरा, ढोलकीच्या दोन ठोक्यांमध्ये तुटक वाजवा. कमी वाजवलेली गिटार जास्त ऐकू येते, हे तुमचा मामा मानणार नाही.

“वाजवायलाव का नुस्तं धरून उभारलाव?” हे तो पहिल्या रांगेतून विचारणारच.

ट्यूनिंग मंडपात अर्धा तास बसल्यावर करा; एप्रिलच्या उन्हात तारा सैलावतात, घरचं ट्यूनिंग घरीच गेलं.

साऊंडचेकबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ‘हॅलो, चेक’ म्हणेपर्यंत अध्यक्ष येतात, सत्कार सुरू होतात, आणि रात्री दहाला नियमाप्रमाणे भोंगे बंद व्हायचे असतात. म्हणून सत्कारांच्या वेळात मिक्सरपाशी जा. चहा घेऊन जा. तुमची केबल बहुधा ‘कोरस ३’मध्ये लागलेली सापडेल. तिथं पांढरी पट्टी चिकटवा आणि मार्करनं ठळक लिहा : गिटार. साऊंडवाल्याला नावानं हाक मारून सांगा, “दादा, तिसऱ्या गाण्यात सोलो आहे. हात वर केला की एवढं वाढवा.”

तिसऱ्या गाण्यात हात वर करा. तो मान हलवील, अंगठा दाखवील आणि बँजो वाढवील.

पुन्हा हात वर करा. आता बँजोवालाही तुमच्याकडे बघून हसेल. चौथ्या गाण्याला चहा त्याच्यासाठीही न्या.