गाडी जवायाची, पावती सासऱ्याची

"काय वं वैनी, आयकलं का? गल्लीच्या टोकाच्या घरी काल रात्री चांगलीच जुंपली."

"भांडे पडल्याचा आवाज आला बाप्पा. मले वाटलं मांजर हाये."

"मांजर कायचं! सासऱ्याच्या मोबाईलवर मेसेज आला. गाडी जोरात चालवली म्हनून दोन हजाराचं चलान!"

"त्या म्हाताऱ्याले? तो तं वळनावर सायकलवरून बी उतरते!"

"तेच तं! चालवत होता जवाई. मंग चलान सासऱ्याले काऊन?"

"मावशी, गाडी ज्याच्या नावावर, मेसेज त्याले. इष्टेरिंग कोनाच्या हातात होतं ते मशीनले काय ठाऊक?"

"म्हंजे गाडी…"

"सासऱ्याच्या नावावर."

"आन् लग्नात सांगत होते, जवायानं सोताच्या कमाईतून घेतली! तरीच सासऱ्यानं हरभरा निघाला तसा इकून टाकला."

"हळू बोला, कुंपनाले बी कान असतात. पन धरला कुठं?"

"मेहकर-चिखली रोडवर. पोलिसाची गाडी होती म्हने झाडाखाली, स्पीडगन लावून. जवाई म्हनते, नागपूरपासून समृद्धीनं १२० नं आलो, कोनी हटकलं नाई. मेहकरले खाली उतरलो आन् इथं ९० वर धरलं, हा कोनता न्याय?"

"न्याय बरोबरच हाये. आमचे हे चिखली डेपोत ड्रायव्हर, घरात दुसरं बोलनंच नसते. समृद्धीवर कारले १२०, प्रवाशाच्या मोठ्या गाडीले १००, मालट्रकले ८०. फटफटीले तं चढूच देत नाईत. खाली आलं का साध्या रोडवर कारले ७०, फटफटीले ६०. केंद्रानं २०१८ सालीच ठरवलं ते. आन् गावापाशी, शाळेपाशी कमीचा बोर्ड असंल, तं तोच खरा."

"एका गाडीले इतके कायदे?"

"गाडी एकच, पन रोड वेगळा ना! समृद्धीवर समोरून कोनी येत नाई, बैल आडवा येत नाई. आपल्या रोडवर सोयाबीनची ट्रॉली निघते, मागं लाल दिवा बी नसते. हे म्हनतात, ७० नं गाडी एका सेकंदात १९ मीटर जाते, ९० नं २५. आन् दोन तास १२० नं आलेल्या मानसाले ९० म्हंजे बैलगाडीच वाटते."

"माहा पुतन्या पुन्याले हाये. तो म्हनते, कॅमेरा दिसला का ब्रेक दाबायचा, मंग पुन्हा सोडायची."

"मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०२४ पासून ते बी चालत नाई. तिथं दोन कॅमेऱ्याच्या मधातला टाइम मोजतात. १० किलोमीटर ६ मिनिटाच्या आत कापलं, का समजलं १०० च्या वर गेला. मधात ब्रेक मारा का नमस्कार करा!"

"आन् मधात चहा प्यायले थांबला तं?"

"मंग सुटला. तेवढा चहा प्यावाच मानसानं."

"पन वैनी, पोट्ट्याले घाई असते वं."

"सिंदखेडराजाकडची, पिंपळखुट्याची ती बस इसरल्या का? १ जुलै २०२३. मधरात उलटून गेलती, बस उलटली आन् पेटली. २५ मानसं गेली. कशानं झालं ते तपासवाले जानोत, पन तवापासून हे 'लवकर पोचतो' असं म्हनत नाईत. 'पोचतो' म्हनतात."

"खरं हाये बाई… बरं, मंग ते दोन हजार भरनार कोन?"

"ते तुमालेच ठाऊक असंल, तुमचं घर जवळ."

"जवाई म्हने, गाडी तुमच्या नावावर, तुमीच भरा. सासरा म्हने, भरतो ना! गाडी माह्या नावावर हाये तं चाबी बी माह्याच खुंटीले राहीन."

"अग्गो माय! मंग जवाई गेला कसा?"

"सकाळच्या खामगावच्या एसटीनं."

"तरीच! तिच्यावर आमचेच हे होते. आताच फोन आल्ता, म्हने एक पाव्हना उंद्रीपासून मागं लागला, 'ड्रायव्हरसाहेब, जरा दाबा ना!'"