पुस्तकात कोड असा छापा, की कोणाला उचलता येऊ नये

ज्या पिढीने प्रॅक्टिकलच्या जर्नलात अख्खे प्रोग्रॅम हाताने उतरवून सबमिशन केले, तिच्यासमोर आजची मुले पीडीएफमधून कोड बिनदिक्कत कॉपी-पेस्ट करतात. लेखकांनी हे चालू देऊ नये. लाटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली वापरणाऱ्यांना फारसे कष्टही नाहीत. त्यातले कोड छापायचे ‘लिस्टिंग्ज’ पॅकेज आहे तसे ठेवले, तरी निम्मे काम होते.

एकेरी अवतरणचिन्ह ते आपणहून वळणदार करते. पेस्ट केल्यावर पायथन ‘यू+२०१९’ हे अक्षर चालणार नाही म्हणून सांगतो. विद्यार्थी ते साल समजून जुनी आवृत्ती शोधत बसतो. फाँट टाइपरायटरचा मात्र ठेवू नका. दुसरा कोणताही ठेवला, की हायफनच्या जागी गणितातले वजाचिन्ह उमटते. दिसायला तेच, पण टर्मिनलला ते ओळखू येत नाही.

खरी मौज मोकळ्या जागेत आहे. लाटेकच्या मुळाशी असलेले टेक जागा छापतच नाही, पुढचे अक्षर थोडे सरकवून ठेवते. जागा कुठे होती याचा अंदाज पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रॅमने बांधायचा. ओळीच्या सुरुवातीचे समास तो बहुधा गिळतो, आणि पायथनचा तर सारा संसार त्या समासावर! लूपच्या पोटातल्या ओळी बाहेर येऊन उभ्या राहतात. शिवाय मूळ मांडणीत अक्षरे सारख्या रुंदीच्या चौकटींत बसवलेली असल्याने एखादा शब्द फुटून ‘प्रिं ट’ असाही निघतो.

ओळींना क्रमांक द्या, तेही कोडबरोबर उचलले जातात. लांब ओळ मोडून पुढे बाण काढा. लूप शक्यतो पान उलटताना येऊ द्या, म्हणजे पृष्ठक्रमांक त्यात आपसूक शिरेल.

फितुरांपासून सावध राहा. लिस्टिंग्जच्या पर्यायांपैकी ‘अपकोट’ अवतरणे सरळ करतो, ‘कीपस्पेसेस’ जागा राखतो, ‘कॉलम्स’ला ‘फुलफ्लेक्सिबल’ केले की शब्द फुटत नाहीत. ‘ॲक्ससप’ पॅकेज तर ओळींचे क्रमांक कॉपीतून गाळते, निदान ॲडोबीच्या रीडरमध्ये.

सगळ्यात घातक ‘एम्बेडफाइल’. ते मूळ कोडची फाइलच पीडीएफच्या पोटात घालते, मग छपाईतली सारी मेहनत वाया. प्रकाशकाने आग्रहच धरला तर फाइल जोडा, पण गेल्या आवृत्तीतली.